तीन ओळींची दुरुस्ती

"ह्यातल्या तीनच ओळी बदलायच्यात," वहिनी म्हणाली आणि तिनं रिपोर्टचं ते पिवळं पाकीट टेबलावरून पुढे सरकवलं. कुणाची बाही अर्धा इंच आत घ्यायची असावी, इतक्या सहज. बारकीनं तोंडाशी नेलेला चहाचा कप तिथंच राहिला. हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या कँटीनमधली दुपारची गर्दी ओसरली होती, एक बाई ओल्या फडक्यानं टेबलं पुसत पुसत त्यांच्याकडे सरकत होती, आणि जेमतेम अर्ध्या तासापूर्वी वरच्या मजल्यावर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ह्या दोघींना समोर बसवून सांगितलं होतं, की स्वादुपिंडावर गाठ आहे, ती यकृतात पसरली आहे, कापून काढण्याच्या पलीकडे गेली आहे. तीन महिने, फार तर चार. दादाला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. तो तिसऱ्या मजल्यावरच्या खाटेवर बसून शेजारच्या पेशंटच्या सलाइनचा स्टँड का डुगडुगतो ते नर्सला समजावून सांगत होता. संध्याकाळी त्याला घरी सोडणार होते, आणि घरी पोचताच तो चपला काढायच्या आधी काय मागणार, हे दोघींनाही पाठ होतं. "तुमच्या छापखान्यात होईल ना एवढं?" वहिनीनं विचारलं. बारकीला खरं तर आधी रडू यायला हवं होतं. आला तो संताप, आणि तोही वहिनीचा नाही, त्या पुसणाऱ्या बाईचा, जी आता त्यांच्याच टेबलाचा अर्धा भाग पुसून, उरलेल्या अर्ध्यासाठी त्यांच्या उठण्याची वाट बघत उभी होती.

बारकी ही दादाची धाकटी बहीण. वयाची चौपन्न वर्षं झाली, केस पांढरे झाले, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, तरी घरात ती बारकीच होती. लग्न तिनं केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारणारी माणसं एकेक करून दमली होती. एकोणतीस वर्षं ती एकाच छापखान्यात मुद्रितं तपासत आली होती: शाळेची पुस्तकं, औषधांच्या खोक्यातले घडीचे कागद, गाड्यांची वेळापत्रकं, यंत्रांच्या माहितीपुस्तिका. लोकांच्या चुका काढणं हे तिचं काम होतं आणि ते ती इतकं मन लावून करायची, की रस्त्यानं जातानाही दुकानाच्या पाटीवरच्या चुकलेल्या वेलांटीनं तिच्या कपाळाला आठी पडायची. आणि अशा बाईला तिची वहिनी सांगत होती, की एक चूक घाल. एक चांगली, नीट, कुणाला कळणार नाही अशी चूक.

"वहिनी, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ऐकलंत ना? पेशंटनं सरळ विचारलं तर मी खोटं सांगणार नाही, म्हणाल्या."

"म्हणून तर म्हणते. कागद हातात पडला की हे विचारायला जाणारच नाहीत."

"आणि सांगितलं तर काय होईल?"

वहिनीनं तिच्याकडे बघितलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात दादाचे सगळे झटके, सगळे अबोले जिनं अंगावर घेतले, तिला हा प्रश्न विचारायचा म्हणजे कोळ्याला पाणी कसं असतं ते विचारण्यासारखं होतं. "भिंतीकडे तोंड करून झोपतील," ती म्हणाली. "आणि उठणार नाहीत. मला तीन महिने भिंतीकडे तोंड केलेला नवरा नकोय गं. मला हे हवेत. आहेत तसे, कटकटे." मग ती पाकिटाचा कोपरा नखानं सरळ करत राहिली, आणि बारकीच्या तोंडून 'नाही' निघायला हवं होतं ते निघालं नाही. हा तिचा जुना रोग. लोकांच्या चुका कागदावर तिला दिसत. तोंडावर कधी दाखवता आल्या नाहीत.

दादा होता कागदाचा माणूस. चौतीस वर्षं त्यानं लिफ्ट तपासणीस म्हणून काढली. शहरातल्या कुठल्या इमारतीची लिफ्ट चालू राहणार आणि कुठलीला सील लागणार, हे त्याच्या सहीवर ठरायचं. 'सगळं ठीक आहे हो' असं कुणी म्हणालं, की तो हात पुढे करायचा: "कागद दाखवा." निवृत्त झाल्यावरही हात पुढे येणं काही थांबलं नाही. वजन उतरवायचं यंत्र विकायला दारात आलेल्या एका माणसाला त्यानं पाऊण तास उभं करून कागद मागितले होते, आणि तो बिचारा शेवटी यंत्र तिथंच टाकून गेला होता. ह्याच सवयीपायी पोटची मुलगी दुरावली होती. ठकी, त्याची एकुलती एक, सात तासांच्या अंतरावर दुसऱ्या शहरात राहायची. त्याआधी सासरी इथंच होती, एका जुन्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर. सासूबाईंचे गुडघे गेलेले. त्या इमारतीची लिफ्ट तपासायला दुसरा कुणी मिळाला नाही आणि दादाच गेला. दोर झिजलेला निघाला. ठकीनं हातापाया पडून सांगितलं, बाबा, तीन आठवड्यांत नवा दोर येतोय, तेवढं चालू दे. "दोराला तीन आठवडे कळतात का?" असं म्हणून दादानं सील ठोकलं. तीन आठवड्यांचे पाच महिने झाले. त्या पाच महिन्यांत सासूबाई खाली उतरल्या नाहीत, आणि पाचव्या महिन्यात उतरल्या त्या चौघांच्या आधारानं, हॉस्पिटलात जायला. "तुम्हाला माणसं दिसतच नाहीत, दोर दिसतात," असं ठकी म्हणाली होती, आणि त्यानंतर चार वर्षं बापलेकींमध्ये शब्द नव्हता. जे काय बोलायचं ते वहिनीमार्फत. "तिला सांग" आणि "त्यांना सांग" ह्या दोन वाक्यांवर चार वर्षं चाललेलं घर.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बारकीनं काम उरकलं. आदल्या संध्याकाळी 'हॉस्पिटलचा शिक्का उद्या मिळणार' अशी थाप मारून वहिनीनं एक रात्र निभावली होती. अक्षरजुळणी करणारा माणूस जेवणाचा डबा उघडून खिडकीशी बसला होता, त्यानं मान वळवूनही बघितलं नाही. बारकीनं मूळ कागद यंत्राखाली धरला, त्याचं चित्र पडद्यावर आणलं आणि टाइप कुठला ते ओळखलं. एकोणतीस वर्षांत ते तर नुसत्या वासानं कळायला लागलं होतं. गाठीच्या जागी जठराची सूज आली, पसरण्याच्या जागी जुना व्रण आला, शेवटच्या ओळीत 'नियमित औषध व पथ्य' आलं. तीन ओळी. आणि मग तिच्या लक्षात आलं, की वरच्या चौथ्या ओळीत हॉस्पिटलच्या टंकलेखकानं एक ऱ्हस्व-दीर्घ चुकवला होता, आणि हातासरशी तिनं तोही दुरुस्त करून टाकला होता. ती स्वतःवरच अशी चिडली, की पडद्यासमोरून उठून तिनं नळावर तोंड धुतलं. भावाचं मरण पुसताना हिला वेलांटी दिसते! पण पुन्हा येऊन ती चूक परत घालायला काही तिचा हात धजेना. कागद छापून निघाला. तो इतका चांगला निघाला होता, की क्षणभर, अगदी एक क्षणभरच, तिला त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटला.

आईच्या वेळचं तिला आठवत होतं, म्हणजे ते कधी विसरलंच नव्हतं. एकवीस वर्षं झाली होती. तेव्हाही असंच एक पाकीट, असेच महिने मोजून दिलेले. दादा तेव्हा बेचाळीसचा, त्यानं एवढंच सांगितलं होतं, "घरात तू हसत राहायचंस, बारके. बाकी मी बघतो." ती हसत राहिली. एके दुपारी ती आईची नखं कापत असताना आईनं विचारलं, "मला नक्की काय झालंय गं?" आणि ती म्हणाली, "अशक्तपणा आहे आई. फळं खात जा." आई म्हणाली, "बरं," आणि दुसरा हात पुढे केला. एवढंच. पण त्या दिवसापासून आई तिच्याशी परक्या बाईशी बोलावं तसं बोलायला लागली. पाण्याचा पेला दिला तर "कशाला उगाच त्रास," उशी सरळ केली तर "फार केलंस हो." आई! जिनं उभ्या जन्मात कुणाचे आभार मानले नाहीत, मुलांना धपाट्यानंच वाढवलं, ती आई शेवटचे सात आठवडे सारखे आभार मानत होती, आणि बारकीला दर वेळी वाटायचं की आपल्या तोंडावर एक दार हळू लावलं जातंय, आवाज न करता, पाहुण्याला लागू नये म्हणून. आईला कळलंय की मी खोटं बोलले. म्हणून तिनं मला दूर केलं. हे वाक्य तिनं एकवीस वर्षं तपासलं होतं आणि त्यात तिला कधीच चूक सापडली नव्हती.

दादानं कागद उजेडात धरून वाचला, वरपासून खालपर्यंत, मग खालून वरपर्यंत. वहिनी दारात हात पुसत उभी. हात कोरडे ठणठणीत होते. "बघा!" तो म्हणाला. "मी काय म्हणत होतो? व्रण. साधा व्रण. आणि ह्यांनी तीन दिवस मला खाटेवर टांगून ठेवलं." मग त्यानं कागदाची घडी घालून फायलीत लावली आणि चहा मागितला. वहिनीनं स्वयंपाकघरात येऊन बारकीचा दंड एवढ्या जोरात दाबला, की दुसऱ्या दिवशी तिथं निळं झालं होतं.

आणि मग सुरू झालं ते नाटक. त्याला नाटक तरी कसं म्हणायचं, नाटकाला मध्यंतर असतं. औषधांच्या बाटल्यांवरची चिठ्ठी वहिनी आधी नखानं, मग गरम पाण्यानं खरवडून काढायची. औषधाच्या दुकानदाराला सामील केलं, समोरच्या बिऱ्हाडाला सामील केलं, खालच्या मजल्यावरचा निवृत्त मास्तर न सांगताच सामील झाला आणि येता-जाता दादाला "रंग सुधारलाय हां तुमचा" म्हणायला लागला, आणि दादाचा रंग तर दिवसेंदिवस हळदीसारखा होत चाललेला. ज्याला-त्याला बारकीनं सांगायचं कुठं काय बोललंय आणि कुठं काय नाही. छापखान्यात मुद्रितं वाचता वाचता तिला शंका यायची, की मास्तरांना आपण जठर सांगितलं की आतडं? संध्याकाळी घरी जाताना ती जिन्यात उभी राहून तोंड हसरं करून घ्यायची, आणि मग तेच तोंड घेऊन तिला एकेक मजला चढवेना. हसून हसून जबडे दुखायला लागले होते. सगळ्यांत वैताग आणायचा तो दादा. तो खूश होता! माणूस मरायला टेकलाय आणि गुणगुणतोय! सकाळी उठून दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालतोय, शेजाऱ्यांची घंटा दुरुस्त करून देतोय, पुढच्या वर्षी लिफ्टांच्या सुरक्षिततेवर एक पुस्तिका लिहायची म्हणून वहीत आकृत्या काढतोय. "तुमच्याकडेच छापू, बारके. चुका तू काढ." पोटात कळ आली की टेबलाची कड धरून वाकायचा, कपाळावर घामाचे थेंब यायचे, आणि डॉक्टरीणबाईंनी दिलेले दुखण्याचे थेंब मात्र घ्यायचा नाही. "व्रणाला कोण हो एवढं गुंगीचं औषध देतं? ह्या लोकांना काही कळत नाही. पथ्य पाळलं की झालं." त्याच्याच म्हणण्यात खोट काय होती? कागदात तसंच होतं. बारकीनंच तसं लिहिलं होतं. तिला रोज वाटायचं आज सांगावं, आणि रोज वहिनी मध्ये असायची. भाजी निवडत, कपडे घडी करत, कुठल्या तरी निमित्तानं दादापासून सहा फुटांच्या आत.

ठकीचा फोन छापखान्यात आला तेव्हा पाचवा आठवडा चालू होता. "आत्या, आई काहीतरी लपवतेय. फोनवर एवढं गोड ती कधी बोलत नाही. खरं सांग, बाबा कसे आहेत? मी येऊ का?" बारकीच्या समोर औषधाच्या माहितीपत्रकाचं मुद्रित होतं, त्यात 'दुष्परिणाम' ह्या शब्दात 'ष'च्या जागी 'श' पडला होता आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. "जठराला सूज आहे," ती म्हणाली, आणि एवढ्या वेळा म्हणून झालं होतं, की वाक्य आपलं आपणच बाहेर पडलं. "मग येऊ की नको?" "बघ बाई तू," बारकी म्हणाली. बघ बाई तू! फोन ठेवल्यावर तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. चार वर्षांनी पोरीनं विचारलं होतं, येऊ का.

त्याच शनिवारी दुपारी वहिनी दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. दाढ ठणकतच होती तिची, पंधरा दिवस अंगावर काढली होती. बारकीला तिनं पहाऱ्याला बसवलं होतं. दादा टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होता, लिहून झाल्यावर त्यानं कागद तिच्यापुढे टाकला आणि खिडकीबाहेर बघत, काहीच विशेष नसल्यासारखा म्हणाला, "शुद्धलेखन बघ जरा. ठकीला लिहितोय." बारकीनं सवयीनं लाल पेन हातात घेतलं. पत्र दीड पानांचं होतं. चार वर्षांत पहिलं. दादाचं अक्षर टोकदार, तपासणी अहवालातलं, पण मजकूर तसा नव्हता. त्यात लिहिलं होतं, की सासूबाईंच्या त्या पाच महिन्यांत त्यानं एकदा तरी जिना चढून वर जायला हवं होतं. सील लावणं बरोबर होतं, पण वर न जाणं बरोबर नव्हतं. हे त्याला आता घरी बसल्यावर कळतंय. मग शेवटचा परिच्छेद: 'आजार किरकोळ आहे. तू धावपळ करून येऊ नकोस. तुझं काम सोडून तर मुळीच नको. पुढच्या वर्षी तुझी सुट्टी पडली की निवांत ये, म्हणजे समोरासमोर बसून सगळं नीट बोलू.' बारकीनं ते एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तिच्या पेनानं 'पुढच्या वर्षी' ह्या दोन शब्दांवर आडवी रेघ मारली आणि समासात, एकोणतीस वर्षं काढत आली तशी, काढून टाकायची खूण केली.

दादा वाकून बघत होता. "काय चुकलं त्यात?"

"वर्ष."

"वर्ष काय चुकलं? 'र्ष' बरोबरच आहे."

"वर्ष चुकलंय, दादा. तेवढं नाहीये."

बाहेर कुणी तरी गाडी मागे घेत होतं, तिचा तो एकसुरी आवाज येत राहिला. मग त्यानं हात पुढे केला. नेहमीसारखाच, तळवा वर करून. बारकीनं पर्समधून मूळ कागद काढला; पाच आठवडे ती तो बरोबर घेऊन हिंडत होती, घरी ठेवायची भीती, छापखान्यात ठेवायची भीती. दादानं तो उजेडात धरला. वरपासून खालपर्यंत. मग फाईल काढून दुसरा काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"हा कुणी केला?"

"मी."

"चांगला केलायस." आवाज अगदी सपाट. मग: "किती?"

"तीन महिने म्हणाल्या. फार तर चार. त्यातले पाच आठवडे..."

"पाच आठवडे!" दादा उठला, खुर्ची मागे पडली. "माझे पाच आठवडे खाल्लेत तुम्ही! मी इथं बिजागऱ्यांना तेल घालत बसलोय! शेजाऱ्यांच्या घंटा दुरुस्त करतोय! मला काय लहान पोर समजलात? कुणी दिला तुम्हाला अधिकार?"

आणि तेव्हा बारकीचा बांध फुटला. पाच आठवड्यांचं हसू, जिन्यातलं थांबणं, मास्तरांचं जठर, सगळं एकदम वर आलं. "तू विचारतोस? तू? आईच्या वेळी काय केलंस? तेव्हा नाही आठवला अधिकार? मला हसायला लावलंस तू! आई माझ्यावर रुसून गेली, दादा! मी खोटं बोलले म्हणून शेवटपर्यंत माझ्याशी परक्यासारखी वागली, आणि मी एकवीस वर्षं..."

"आईला ठाऊक होतं," दादा म्हणाला.

"काय?"

"मीच सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. तिनं विचारलं, मी सांगितलं. मी काय तिच्याशी खोटं बोलणार?"

"मग मला का विचारलंन तिनं? नखं कापताना?"

"तू काय सांगतेस ते बघायला विचारलं असेल." दादा खाली पडलेली खुर्ची सरळ करत होता, आणि आता त्याचा आवाज दमला होता. "तीच म्हणाली, बारकीला सांगू नकोस मला कळलंय म्हणून. ती लगेच तोंड पाडून बसेल. मला घरात एक तरी हसरं तोंड हवंय, म्हणाली. तू अशक्तपणा म्हणालीस म्हणून खूश झाली होती. जमतंय पोरीला, म्हणाली."

"आणि ते आभार? सारखे आभार मानायची ती?"

"मग काय करणार होती? दुसरं काही बोलली असती तर रडली असती."

"एकवीस वर्षं!" बारकी म्हणाली. "एकवीस वर्षांत तुला एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"तू कधी विचारलंस?"

ह्याला काय म्हणायचं? डोकं आपटायला भिंत शोधावी असा हा माणूस, आणि हा मरणार होता. हसावं की रडावं ते बारकीला कळेना. एकवीस वर्षं तपासलेलं वाक्य सपशेल चुकीचं निघालं होतं, आणि चूक दाखवणाऱ्याला तिचं काहीच वाटत नव्हतं. मग आईचा तो दुसरा हात तिला दिसला, नखं कापायला पुढे केलेला, आणि त्या हातामागची आई दिसली, जी तिची परीक्षा घेत होती आणि तिला पास करत होती. त्यांनी तिला झेपणार नाही असं ठरवलं होतं. दोघांनी मिळून. तिच्याच पाठीमागे.

वहिनी अर्ध्या तासानं आली, गाल सुजलेला, तोंडात कापूस. दारातच तिला टेबलावरचे दोन कागद दिसले. ती काही ओरडली नाही, तोंडातल्या कापसानं ओरडता येतही नव्हतं. ती दादाजवळ गेली, तर दादा उठून आतल्या खोलीत गेला, खाटेवर आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

अकरा दिवस तो तसाच होता. दुखण्याचे थेंब तेवढे घ्यायचा, आता न सांगता घ्यायचा, बाकी कुणाशी बोलायचा नाही. ठकीचं पत्र टेबलावर तसंच, लाल रेघेसकट. वहिनी बारकीशी बोलेनाशी झाली. फक्त पाचव्या दिवशी, गालाची सूज उतरल्यावर, दारात उभी राहून म्हणाली, "पाच आठवडे ते गुणगुणत होते. लग्न झाल्यापासून मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. तू ते बंद केलंस. ते दिवस मला परत आणून दे बघू. दे ना!" छापखान्यात तिच्या हातून त्या आठवड्यात वेळापत्रकातली एक अख्खी गाडी सुटली. आपण बरोबर केलं असं तिला वाटत होतं, आणि त्या भिंतीकडच्या पाठीकडे बघितलं की वाटत नव्हतं. दिवसातून चाळीस वेळा ती ह्या काठावरून त्या काठावर जायची आणि दोन्हीकडे वहिनी उभी असायची.

बाराव्या दिवशी सकाळी दादा उठला, दाढी केली आणि म्हणाला, मला त्या डॉक्टरीणबाईंकडे न्या. आत एकटा गेला. चाळीस मिनिटं दार बंद होतं. बाहेरच्या बाकावर वहिनी आणि बारकी मध्ये एक पर्स ठेवून बसल्या होत्या. तो बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते, पण पाठ सरळ. "बाई हुशार आहे," तो म्हणाला. "विचारलं तेवढ्याचं उत्तर देते." घरी येऊन त्यानं फोन ओढून घेतला. "ठके, मी बोलतोय. मला कॅन्सर आहे. तीन महिने म्हणालेत, त्यातले निम्मे संपले. तुला यायचं असलं तर आत्ता ये. नाही आलीस तरी चालेल, पण मग पुढे मला बोल लावू नकोस, मी नसेन." मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. "रडू नकोस," शेवटी म्हणाला. "रडायचं असेल तर इथं येऊन रड. फोनवर काही कळत नाही."

ठकी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. बॅग दारात टाकली, बापाजवळ गेली, दोघांनी एकमेकांना धरलं, आणि ते काही फार वेळ टिकलं नाही. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात वहिनी गाजरं चिरत होती, बारकी कप विसळत होती, आणि आतून आवाज चढायला लागले. "पाच महिने, बाबा! पाच महिने त्या खिडकीत बसून होत्या त्या!" "आणि दोर तुटला असता म्हणजे? तुझ्यासकट?" "तुम्ही एकदा वर यायचं होतं!" "तेच तर लिहिलंय! पत्र वाच ना! दीड पान लिहिलंय!" "मग आधी का नाही लिहिलंत?" दादाचा आवाज जुना होता, कटकटा, कागद मागणारा, मध्येच धाप लागून तुटत होता आणि पुन्हा जोडला जात होता. बारकीला वाटलं, आत जाऊन दोघांना थांबवावं. पाणी बंद करून ती हात पुसायला लागली.

"राहू दे," वहिनी म्हणाली. दोन आठवड्यांत बारकीशी ती आपणहून बोलली ते दुसऱ्यांदा. सुरी तशीच चालू होती. "भांडू दे त्यांना."

बारकीनं पुन्हा नळ सोडला. थोड्या वेळानं वहिनी गाजराकडे बघतच म्हणाली, "माझ्या वेळी मला काही सांगायचं नाही. आत्ताच सांगून ठेवते."

"वहिनी, आता हे कुठून काढलंत?"

"नाही म्हणजे नाही. मला नको कळायला. मी त्यांच्यासारखी नाही."

बारकीनं कपाळावर ओला हात मारून घेतला. ह्या घरातल्या प्रत्येकाची एकेक तऱ्हा, आणि सगळ्यांनी ती येऊन हिच्याच पदरात टाकायची! "आणि विचारलंत तर? तुम्हीच विचारलंत तर मी काय करू?"

सुरी थांबली. आत ठकी काहीतरी म्हणाली आणि दादा हसला, खोकला, पुन्हा हसला.

"तरी सांगू नकोस," वहिनी म्हणाली. "पण लगेच उठूनही जाऊ नकोस. जरा बस माझ्याजवळ."